जीएसच्या पलीकडचं मंडळ

गॅदरिंगच्या निमंत्रणपत्रिकेवर नाव जीएसचं, म्हणजे जनरल सेक्रेटरीचं असतं, फोटोही त्याचाच. वर्षभराचं ओझं मात्र चिटणीस, खजिनदार, सीआर आणि वाङ्मय मंडळातली चार-दोन मुलंमुली वाहतात. कॉलेजातलं विद्यार्थी मंडळ चांगलं चाललंय की नाही हे पाहायचं असेल तर या मुलांच्या हातात काय दिलं आहे ते पाहावं. काम दिलं आणि निर्णय दिला नाही, की मंडळ नुसतं खुर्च्या लावणारं पथक होतं.

आपल्याकडे सुरुवात फार वेगळी झाली होती. 1848 साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. प्राध्यापक पॅटन अध्यक्ष होते. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड या मंडळींतले. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, एवढ्यावर हे लोक थांबले नाहीत. 1849 मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि सुरुवातीला सभासद स्वतःच बिनपगारी शिकवायला जाऊ लागले. जगन्नाथ शंकरशेठ यांनी आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. सोसायटीची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग, आणि 1850 पासून तिचं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागलं. शाळा आणि मासिक चालवायचं म्हणजे वर्गणी गोळा करणं आलं, जागेसाठी शब्द टाकणं आलं, छापखान्याची देणी भागवणं आलं. वादसभेतून निघालेल्या तरुणांनी हे सगळं अंगावर घेतलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढच्या काळात आपण मुलांवरचा हा विश्वास गमावला. कॉलेजच्या निवडणुकांत पैसा आला, दमदाटी आली. 1989 साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर थेट निवडणुका बंद झाल्या आणि 1994च्या विद्यापीठ कायद्याने नवीच रीत घातली. आदल्या वर्षीच्या परीक्षेत जो वर्गात पहिला, तो वर्गाचा प्रतिनिधी. दोन विद्यार्थिनी प्राचार्य नेमणार. अशा मंडळींतून जीएस निवडायचा. मारामाऱ्या थांबल्या हे खरं, पण गुणपत्रिका आणि सभा चालवण्याची हातोटी यांचा एकमेकांशी काय संबंध? ज्याला वर्गाने निवडलंच नाही, त्याच्याकडे वर्ग आपली तक्रार घेऊन का जाईल?

2016च्या कायद्याने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, आळीपाळीने एक राखीव प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा सीआर ही पदं पुन्हा मतदानावर आणली. एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक विभागाचे प्रतिनिधी प्राचार्यांच्या नेमणुकीचे राहिले. विद्यार्थी निवडणुकांबद्दलचे लिंगडोह समितीचे नियम आधीपासून होतेच: उमेदवाराला 75 टक्के हजेरी हवी, खर्च 5000 रुपयांच्या आत हवा, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. 2019 मध्ये निवडणुका होणार म्हणून तयारी झाली. विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे गेल्या. मग कोविड आला आणि अनेक कॉलेजांत नेमणुकांवरच भागलं.

निवडणूक व्हायलाच हवी. पण निवडून आल्यावर पुढे काय, याची चर्चा कोणी करत नाही. खजिनदाराचंच पाहा. गॅदरिंगला पंधरा दिवस असताना ती मंडपवाल्याकडे आणि साउंडवाल्याकडे कोटेशन मागायला जाते. ऑफिसला तीन कोटेशनं लागतात. साउंडवाला म्हणतो, आधी ॲडव्हान्स द्या. ॲडव्हान्सच्या व्हाउचरवर आधी प्रभारी सरांची सही, मग प्राचार्यांची, मग अकाउंट सेक्शनचा शिक्का. तोवर मुलं खिशातून पैसे काढतात. कार्यक्रम झाला की चहावाल्याचं बिल साध्या चिठ्ठीवर आलेलं असतं, त्यावर तारीख नसते, ऑफिस ते परत पाठवतं. पोरगी परीक्षेच्या तोंडावर त्या एका बिलासाठी खेटे घालते. कोणीही तिचं नाव स्टेजवरून घेतलेलं नसतं. प्रत्येक मंडळाला ठरावीक रकमेची पेटी कॅश आणि खजिनदाराला व्हाउचर लिहिण्याचं एका दुपारचं प्रशिक्षण, एवढं जूनमध्येच दिलं तर यातली निम्मी धावपळ वाचेल.

चिटणिसाची वही अशीच दुर्लक्षित. सभा कधी झाली, कोण हजर होतं, ठराव कोणी मांडला, काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून पुढच्या सभेत वाचून कायम केलं की रुसवेफुगवे निम्म्याने कमी होतात. सांस्कृतिक प्रतिनिधीला रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही हे माहीत हवं आणि नऊ वाजताच उरलेले नाच आवरते घ्यायची धमकही हवी. शेलापागोटे वाचण्याआधी चिठ्ठ्या चाळणारं कोणीतरी हवं, कारण मुलींना आणि जातीवरून मुलांना लागेल असं काहीबाही त्यांत हमखास येतं. ती जबाबदारी मी सर्वांत नाजूक समजतो. एलआरला, म्हणजे महिला प्रतिनिधीला, व्यासपीठावर पुष्पगुच्छ देण्यापुरतं बोलावणाऱ्या कॉलेजांनी स्वच्छतागृहाचं पाणी आणि शेवटच्या एसटीची वेळ हे विषय तिच्या सहीनिशी प्राचार्यांपुढे येऊ द्यावेत. तालुक्याच्या कॉलेजात शेवटची गाडी चुकली तर ती मुलगी कुठल्याच कार्यक्रमात उरत नाही.

आणि मंडळाचं आयुष्य असतं जेमतेम एका वर्षाचं. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत वर्षानुवर्षं उतरणाऱ्या कॉलेजांत एक गोष्ट दिसते: तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना बॅकस्टेजला उभं करतात, लाइट कसा लावायचा, सामान कोणत्या क्रमाने उतरवायचं हे हाताने शिकवतात. मंडळात असं होत नाही. मार्चमध्ये जुने पदाधिकारी परीक्षेला बसतात, जुलैत नवे येतात, मधल्या काळात फाइल कोणाच्या तरी कपाटात राहते. म्हणून फेब्रुवारीतच दोन सभा जुन्या-नव्यांनी एकत्र घ्याव्यात. नवे पदाधिकारी तोवर ठरले नसतील तर दुसऱ्या वर्षाच्या सीआरना बसवावं. ठरावांची वही, हिशेबाची फाइल, मंडपवाल्यापासून पोलीस परवानगीपर्यंतचे नंबर आणि कोणाचं किती देणं राहिलं त्याची यादी, हे सगळं जुन्या-नव्या दोघांच्या सह्यांनी नव्यांकडे सोपवावं आणि त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी.