भरदार पोटऱ्यांचे कोडे

चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना प्रथम गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकीत वर येतो. पोटऱ्या मात्र त्याच्या चांगल्या भरदार असतात, आणि घरच्यांना त्यांचे कौतुकच वाटते. फ्रेंच वैद्य ड्यूशेन यांनी १८६८ च्या सुमारास अशा रोग्यांच्या स्नायूचा कण सुईसारख्या हत्याराने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तेथे स्नायूच्या तंतूंची जागा मेदाने व निबर धाग्यांनी घेतलेली होती. ड्यूशेन यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा स्नायुक्षय प्रायः मुलग्यांनाच होतो. डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन त्यांच्या शरीरात तयारच होत नाही.

रोग किती पुढे गेला, हे ठरविण्यासाठी सहा मिनिटांत मूल किती चालते ते मोजण्याची पद्धत आहे. पद्धत सोपी, पण फसवी. सहा-सात वर्षांचा मुलगा वाढीच्या भरात असतो, त्यामुळे रोग आत पोखरीत असतानाही तो गतवर्षीइतकाच, क्वचित अधिकही, चालतो. शिवाय त्या दिवशी त्याचे मन नसेल तर आकडा घसरतो, तो निराळाच! अशा आकड्यांवर नव्या औषधाची परीक्षा अवलंबून असते.

येथे एमआरआय उपयोगी पडते. पाणी आणि मेद या दोहोंतही हायड्रोजन असतो. परंतु प्रबळ चुंबकाच्या प्रभावाखाली मेदातील हायड्रोजनची कंपने पाण्यातील हायड्रोजनपेक्षा दर दहा लाखांस सुमारे साडेतीन इतकी मंद असतात. एवढ्याशा फरकावरून दोन्ही घटक वेगळे करण्याची युक्ती डिक्सन यांनी १९८४ साली मांडली. स्नायूत मेद शेकडा किती, हे तीवरून कळते. क्ष-किरण नाहीत की सुई नाही. मुलाने केवळ त्या गोंगाटी बोगद्यात स्वस्थ पडून राहावयाचे, जे लहानग्यांना सोपे नसते हे खरे.

अमेरिकेत अशा मुलांची वर्षानुवर्षे चित्रे घेतली गेली. चालण्याचा आकडा स्थिर असतानाही मांडीच्या बाहेरील बाजूच्या, गुडघा सरळ करणाऱ्या मोठ्या स्नायूत मेद वाढत असल्याचे त्यांत दिसले. या स्नायूतील मेदाच्या प्रमाणावरून मुलाचे चालणे केव्हा थांबेल, याचा अंदाज बांधता येतो. मांडीच्या आतील बाजूचा सडपातळ स्नायू मात्र बराच काळ तग धरतो; म्हणून कोणता स्नायू पाहिला, हे सांगितल्यावाचून नुसत्या टक्केवारीला अर्थ नाही.

चित्र म्हणजे चालणे नव्हे. जिना चढता येतो की नाही, हे मुलालाच विचारावे लागते. परंतु चालणे थांबले की सहा मिनिटांची चाचणी निरुपयोगी होते आणि चाकाच्या खुर्चीतील मुले औषधांच्या परीक्षांबाहेर राहतात. त्यांच्या दंडाच्या व मनगटापर्यंतच्या स्नायूंतील मेद मात्र त्याच रीतीने मोजता येतो.