विजयाची वेस : बोर्दोचे ‘पोर्त कायो’

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन नदीकाठी वसलेले बोर्दो जगाला माहीत आहे ते वाइनसाठी. या शहराची एक जुनी वेस मात्र एका राजाच्या विजयाची कथा सांगत उभी आहे. तिचे नाव पोर्त कायो.

इंग्लंडच्या राजांची सुमारे तीनशे वर्षांची सत्ता १४५३ मध्ये संपली आणि बोर्दो फ्रान्सच्या ताब्यात आले. त्यानंतर चार दशकांनी नदीकडच्या तटबंदीत हा दरवाजा उभा राहू लागला. काम चालू असतानाच, १४९५ मध्ये, इटलीतल्या फोर्नोव्हो येथे फ्रान्सचा राजा आठवा शार्ल लढला. बोर्दोचे आर्चबिशपही त्या लढाईत त्याच्यासोबत होते. साहजिकच नवी वेस या विजयाला अर्पण झाली. गंमत अशी, की फोर्नोव्होत जिंकलो असे दोन्ही बाजू म्हणत होत्या, आणि ज्या नेपल्ससाठी शार्लने एवढी मोहीम काढली ते राज्य पुढे फ्रेंचांच्या हातून गेलेच. जमीन गेली, विजयाचा दरवाजा राहिला.

सुमारे ३५ मीटर उंचीच्या या वास्तूत किल्ला आणि महाल एकत्र नांदतात. वरून सोडायच्या जाळीदार दाराची सोय आहे. भिंतीबाहेर काढलेल्या सज्जाच्या तळातील फटींतून खालच्या शत्रूवर मारा करता येई. वेशीच्या माथ्यावर मात्र निमुळती छपरे आणि नाजूक कोरीवकाम! नदीच्या बाजूला शार्लची मूर्ती आहे. मूळ मूर्ती राज्यक्रांतीच्या काळात फोडली गेली; आजची १९व्या शतकातली आहे. एवढी उंच वेस ज्याच्या नावाने सजली, तो राजा १४९८ मध्ये आंब्वाझच्या राजवाड्यात दाराच्या चौकटीवर डोके आपटून, अवघ्या २७व्या वर्षी गेला.

वेशीच्या आत एकेकाळी अकितेनच्या ड्यूकांचा लोंब्रिएर राजवाडा होता. पुढे तिथे प्रांताचे वरिष्ठ न्यायालय भरे. १८०० च्या सुमारास तो पाडला गेला. आता उरले आहे ते ‘राजवाड्याचा चौक’ हे नाव. नदीकाठचा तटही १८व्या शतकात नव्या चौकांसाठी आणि इमारतींसाठी हटला. वेस तेवढी वाचली. १८८३ मध्ये तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २००७ पासून बोर्दोचा हा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आतल्या अरुंद चक्री जिन्याने वर जाता येते. शहर घडवणाऱ्या पाथरवटांची हत्यारे तिथे मांडलेली आहेत आणि खिडकीतून गारोनवरचा सतरा कमानींचा दगडी पूल दिसतो. बोर्दोला गेलात तर पोर्त कायो आधी नदीच्या बाजूने पाहा. बोटीने येणाऱ्या पाहुण्याला दिपवण्यासाठीच तिचा तो दर्शनी भाग सजवलेला आहे.