कवडीची चकाकी

उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांच्या उथळ पाण्यात राहणारी कवडी ही एक सागरी गोगलगाय असून, चलन म्हणून वापरली गेलेली तिची पिवळसर जाती, ‘मोनेटारिया मोनेटा’, मालदीव व लक्षद्वीप येथे विपुल आढळते. इतर शंखांवर शेवाळाची पुटे चढत असताना कवडी काचेसारखी गुळगुळीत का राहते, याचे उत्तर तिच्या प्रावरणात, म्हणजे कवच घडवणाऱ्या मांसल पडद्यात आहे. हा पडदा खालच्या दातेरी फटीतून दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन पाठीवर मिटतो, तेव्हा कवच झाकले जाते आणि त्यावर चुन्याचे नवे, चकचकीत लेप चढत राहतात; धक्का लागताच मात्र तो आत ओढला जातो. पिलाचे कवच पातळ व रुंद तोंडाचे असते. पुढे त्याची कड आत वळून दाते उमटले, की लांबी वाढणे थांबते आणि केवळ जाडी वाढते, ही या कुळातील खरोखर विलक्षण गोष्ट होय. कवड्या बहुधा रात्री चरतात. अनेक जातींत मादी अंड्यांच्या पुंजक्यावर बसून त्यांचे रक्षण करते, आणि त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या सागरी प्रवाहांबरोबर दूरवर पसरतात.