चाळीस रुपयांचा अर्ज

परभणीहून जिंतूरला जाताना झरी मागे पडली की बोरी लागतं. जुलै सरत आला की इथल्या सेवा केंद्रांत पीक विम्याच्या अर्जांची घाई उडते. अर्ज अडला की बहुतेक ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ इथला एक तरुण केंद्रचालक मात्र हे उत्तर सहसा देत नाही, असं ऐकलं आणि त्याचं काम बघत त्याच्याजवळ जाऊन बसलो.

“सर्व्हर चालू आहे मामा, माझी स्क्रिप्टच अडकायलीय,” असं समोरच्या शेतकऱ्याला सांगत त्यानं ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं. अर्ध्या पडद्यावर चुका दाखवणाऱ्या तांबड्या ओळी उघडल्या.

स्क्रिप्ट म्हणजे त्यानं स्वतः जुळवलेल्या जावास्क्रिप्टच्या काही ओळी. नाव, खातं, गट क्रमांक, क्षेत्र एकदा तक्त्यात टाकलं की त्या ओळी अर्जाचे रकाने भरतात. कॅप्चा, ओटीपी आणि शेवटचं सबमिट तो हातानंच करतो. जावास्क्रिप्ट ही वेब पानांची प्रोग्रामिंग भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली. अर्ज सर्व्हरकडे जाण्याआधी रकाने तपासणं हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. त्यामुळे इथं अर्ज अडवणारी भाषा आणि तो भरणारी भाषा एकच आहे.

स्क्रिप्ट कशाला, तर “अर्जामागं चाळीस रुपये.” सामूहिक सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रति अर्ज ४० रुपये मिळतात. शेतकऱ्यानं हप्त्यातला आपला वाटा तेवढा द्यायचा, भरणावळ म्हणून वेगळं काही नाही. वीज, नेट, प्रिंटची शाई सगळं त्या चाळिसात. “चाळीस रुपयांत पाच मिनिटं परवडतात, अर्धा तास नाही.”

त्या दिवशीचं दुखणं गावाच्या यादीत होतं. जिल्हा निवडला की तालुके येतात, तालुका निवडला की गावं. प्रत्येक यादी सर्व्हरकडून वेगळी येते. स्क्रिप्ट दोन सेकंद थांबून गाव निवडायची. सकाळी नेट मोकळं असतं, दोन सेकंद पुरतात; दुपारी गर्दी वाढली की यादी येण्याआधीच निवड होते आणि रकाना कोरा राहतो. त्यानं दोनाचे पाच सेकंद केले नाहीत. घड्याळाची ओळच खोडली आणि यादीत नावं दिसेपर्यंत थांबायचं असं लिहिलं.

कोरा रकाना निदान दिसतो तरी. चुकीचा भरलेला दिसत नाही. आधी त्याची स्क्रिप्ट गाव नावानं नव्हे, यादीतल्या क्रमानं निवडायची. यादीत मध्येच एक नाव वाढलं आणि शेजारचं गाव निवडलं गेलं. विम्यासाठी महसूल मंडळ हा घटक असतो आणि २०२५च्या खरिपापासून भरपाई त्या मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते. गाव चुकून मंडळ बदललं, तर आपल्या रानात काय झालं याला अर्थ उरत नाही, हिशेब परक्या मंडळाचा लागतो. त्या वेळी चुकलेलं गाव सबमिटआधी त्याच्या नजरेस आलं. तेव्हापासून निवड नावानं होते आणि नाव तंतोतंत जुळलं नाही तर रकान्याला तांबडी चौकट येऊन स्क्रिप्ट थांबते.

बाकीचे घोळ मला जास्त मजेशीर वाटले. रकाना डोळ्यांना भरलेला दिसतो, तरी पान म्हणतं ‘ही माहिती आवश्यक आहे’. कारण हल्लीची पानं रकान्यातली माहिती आपल्या स्मृतीत वेगळी ठेवतात. स्क्रिप्टनं नुसतं अक्षर चिकटवून भागत नाही, इथं बदल झाला अशी वर्दीही पानाला द्यावी लागते. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि देवनागरीत १२ असं उमटलं, तर आपल्याला ते बारा, जावास्क्रिप्टच्या लेखी तो अंकच नाही. शेतकरी एकरात बोलतो, अर्ज हेक्टर-आरमध्ये मागतो. साधारण ४० आर म्हणजे एकर, इथंही चाळीसच. हे गणित मात्र त्यानं स्क्रिप्टवर सोपवलेलं नाही. सातबारा समोर धरून तो क्षेत्र मोठ्यानं वाचतो आणि मामा मान हलवतात.

वेगानं भरणाऱ्या हत्याराबद्दल शंका घ्यायला जागा आहे. खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा होता, तेव्हा बोगस अर्जांची प्रकरणं निघाली, सेवा केंद्रांवर कारवाया झाल्या. अर्जागणिक चाळीस रुपये म्हटल्यावर अर्जांची संख्या फुगवण्याचा मोह ठरलेलाच. २०२५च्या खरिपात एक रुपयाची सोय गेली, खरीप पिकांना दोन टक्के आणि नगदी पिकांना पाच टक्के हिस्सा आला, गर्दीही ओसरली. स्क्रिप्ट खऱ्या आणि बोगस दोन्ही अर्जांच्या कामाला येते, हे त्या पोरालाही ठाऊक आहे. मला भरवसा वाटला तो तिच्या वेगाचा नाही. शंका आली की थांबणारी स्क्रिप्टच कामाची, आणि ते थांबणं चाळीस रुपयांत कुणी मोजलेलं नाही. पानं बनवणाऱ्यांनी ‘काहीतरी चूक झाली’ असं मोघम लिहिण्याऐवजी कुठला रकाना चुकला हे मराठीत सांगितलं, तर या केंद्रचालकाचं निम्मं काम उरणारच नाही.

तोवर विम्याचा अर्ज भरायला गेलात तर एवढं करा. अर्ज भरून झाला की पावती घडी करून खिशात टाकू नका. गाव, मंडळ, गट क्रमांक, क्षेत्र, खातं हे पाचही रकाने केंद्रातच वाचा, वाचता येत नसेल तर चालकाकडून वाचून घ्या. मुदतीच्या आत चूक दुरुस्त करता येते, नंतर ती निस्तरायला फार हेलपाटे पडतात.