विमानातील होकायंत्राची निगा

(उर्दूत ज्याला कुतुबनुमा म्हणतात, त्यालाच मराठीत होकायंत्र म्हणतात. लहान विमानातील होकायंत्र कसे असते, ते का बिघडते आणि ते कसे दुरुस्त करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

छत्रपती संभाजीनगर म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद. या शहराच्या पूर्वेला चिकलठाणा येथे विमानतळ आहे. तेथील धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ असे मोठे आकडे रंगवलेले आहेत. हे आकडे कशाचे असतील बरे?

हे दिशेचे आकडे आहेत. होकायंत्रावर उत्तर म्हणजे शून्य अंश, पूर्व म्हणजे ९०, दक्षिण म्हणजे १८० आणि पश्चिम म्हणजे २७० अंश. ९० आणि २७० यांतील शेवटचे शून्य गाळले, की ०९ आणि २७ उरतात. धावपट्टीवर पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या विमानाच्या होकायंत्राने सुमारे ९० अंश दाखवले पाहिजेत. तसे दाखवले नाही, तर काहीतरी बिघडले आहे, हे वैमानिकाला जमिनीवरच कळते.

आज विमानात दिशा दाखवणारी अनेक आधुनिक यंत्रे असतात. मग या जुन्या यंत्राची गरज काय? बहुतेक नवीन यंत्रांना वीज लागते. होकायंत्राला वीज लागत नाही. विमानातील वीज गेली, तरी ते आपले काम करत राहते. संभाजीनगरहून जळगाव सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर आहे. होकायंत्रात फक्त ५ अंशांची चूक असेल आणि वैमानिक त्यावरच विसंबला, तर विमान जळगावपासून सुमारे ११ किलोमीटर बाजूला जाईल. पावसाळ्यात ढगांमुळे अजिंठ्याचे डोंगरही दिसत नाहीत. अशा वेळी ही चूक जिवावर बेतू शकते.

हे यंत्र दिसायला साधे असते. काचेच्या छोट्या भांड्यात रॉकेलसारखा स्वच्छ द्रव भरलेला असतो. त्यात अंशांचे आकडे असलेली तबकडी एका टोकदार खिळीवर तोललेली असते. तबकडीला लहान चुंबक जोडलेले असतात. द्रवामुळे तबकडी हेलकावे खात नाही व खिळीची झीजही कमी होते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावतो. त्याला जागा मिळावी म्हणून भांड्यात एक लवचीक पडदा बसवलेला असतो.

पडदा किंवा रबरी कडी जुनी झाली, की द्रव झिरपतो आणि काचेमागे हवेचा बुडबुडा दिसू लागतो. कधी द्रव गढूळ होऊन आकडे वाचता येत नाहीत. कधी खिळी झिजून तबकडी अडकते. तंत्रज्ञ जवळ चुंबक नेऊन तबकडी थोडी फिरवतो आणि चुंबक दूर करतो. तबकडी पुन्हा पहिल्या जागी आली नाही, तर खिळी खराब झाली असे समजावे. अशा वेळी यंत्र काढून कार्यशाळेत पाठवतात. तेथे रबरी भाग बदलतात व ठरवून दिलेला द्रव हवा न राहू देता भरतात. हाताला येईल ते तेल किंवा पाणी त्यात कधीही घालत नाहीत.

परंतु यंत्र उत्तम असूनही ते चूक दाखवू शकते. इंजिनातील लोखंड, विजेच्या तारा आणि रेडिओ हे सारे चुंबकाला आपल्याकडे ओढतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेलाही हीच अडचण आली होती. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेमुळे नोंदी बिघडतील, हे ओळखून डॉ. नानाभॉय मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. तेथील वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली.

विमान मात्र आपले इंजिन सोडून कोठे जाणार? म्हणून चूक मोजून कमी करतात. इमारती व वाहने यांपासून दूर, दिशा आखलेल्या वर्तुळावर विमान उभे करतात. इंजिन, रेडिओ व दिवे चालू ठेवतात. प्रथम विमानाचे तोंड उत्तरेला करतात आणि यंत्राचा एक छोटा स्क्रू पितळी स्क्रूड्रायव्हरने फिरवून चूक काढून टाकतात. लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही, कारण तोच चुंबकाला ओढतो. पूर्वेला तोंड करून दुसरा स्क्रू फिरवतात. दक्षिणेला व पश्चिमेला उरलेली चूक फक्त निम्मी काढतात. दक्षिणेची सगळी चूक काढली, तर ती उत्तरेला पुन्हा उभी राहते.

एवढे करूनही थोडी चूक उरतेच. मग विमान दर ३० अंशांनी फिरवून बारा ठिकाणची चूक लिहून घेतात. ते आकडे एका छोट्या कार्डावर लिहून कार्ड होकायंत्राजवळ लावतात. अमुक दिशेला जायचे असेल, तर यंत्रावर कोणता अंश ठेवावा, हे वैमानिक त्यावर पाहतो. इंजिन बदलले, नवा रेडिओ बसवला किंवा विमानावर वीज पडली, की ही तपासणी पुन्हा करतात.

मुलांनो, लक्षात ठेवा. चूक असणे हा मोठा धोका नाही. चूक आहे हे ठाऊक नसणे, हा खरा धोका आहे. चूक मोजून प्रामाणिकपणे लिहून ठेवली, की तिच्यासह सुद्धा योग्य ठिकाणी पोहोचता येते.

शब्दार्थ
निगा – काळजी, देखभाल
विसंबणे – भरवसा ठेवणे
जिवावर बेतणे – प्राणाला धोका होणे
झिरपणे – थेंब थेंब बाहेर येणे
वेधशाळा – आकाश, हवामान इत्यादींचे निरीक्षण करण्याची जागा

स्वाध्याय
१. धावपट्टीवरील ०९ या आकड्याचा अर्थ काय?
२. होकायंत्रातील द्रवाचे दोन उपयोग सांगा.
३. चुंबकत्वाच्या नोंदीचे काम कुलाब्याहून अलिबागला का हलवले?
४. कारण द्या : तंत्रज्ञ पितळी स्क्रूड्रायव्हर वापरतो.
५. करून पाहा : छोटे होकायंत्र लाकडी बाकावर ठेवा, नंतर लोखंडी कपाटाजवळ न्या. काय दिसले, ते पाच ओळींत लिहा.