६३० किलोचा खेळाडू विमानात कसा बसतो? घोड्यांच्या उन्हाळी स्पर्धांमागचा प्रवास

जुलै २०२१. टोकियोच्या हानेदा विमानतळावर रात्री एक मालवाहू विमान उतरलं. आतमध्ये ३६ घोडे होते. ऑलिम्पिकसाठी पूर्ण भरलेलं घोड्यांचं विमान या विमानतळावर पहिल्यांदाच येत होतं. बेल्जियममधल्या लीएजहून निघून दुबईत थांबा घेत हा प्रवास सव्वाअठरा तासांचा झाला. एका घोड्याचं सरासरी वजन होतं ६३० किलो.

हे घोडे ड्रेसाज प्रकारातले होते. उड्या मारणारे, म्हणजे शो जंपिंगचे घोडे त्यांच्या मागोमाग आले. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो दीडेक मिनिटाचा खेळ. रंगीत दांड्यांवरून घोडा झेपावतो, दांडी पडली की चार दोष लागतात, संपलं. पण त्या दीड मिनिटासाठी घोड्याला तिथवर आणण्याचं काम काही महिने आधी सुरू झालेलं असतं. आणि पदक बऱ्याचदा या प्रवासातच हातातून निसटतं.

स्पर्धा उन्हाळ्यातच का?

युरोप आणि उत्तर अमेरिकेत उघड्या मैदानावरच्या मोठ्या स्पर्धा साधारण मे ते सप्टेंबरमध्ये होतात. हिरवळ चांगली असते, दिवस मोठा असतो. हिवाळ्यात हाच खेळ बंदिस्त सभागृहात जातो. जर्मनीतलं आखेन, इंग्लंडमधलं हिकस्टेड, कॅनडातल्या कॅलगरीजवळचं स्प्रूस मेडोज ही या खेळातली मोठी नावं. आखेनच्या मुख्य स्टेडियममध्ये सुमारे ४० हजार प्रेक्षक बसतात.

भारतात उलट आहे. इथे उन्हाळ्यात घोड्याला उड्या मारायला लावणं म्हणजे छळच. त्यामुळे आपल्याकडे घोडेस्वारीच्या बहुतेक मोठ्या स्पर्धा थंडीत होतात.

मोठ्या स्पर्धांतले अडथळे १.६० मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वापाच फूट उंच असतात. अशी उडी मारणारा घोडा तयार व्हायला वर्षं लागतात. त्यामुळे स्पर्धेच्या ठिकाणी गेल्यावर दुसरा घोडा भाड्याने घेऊ, असं चालत नाही. स्वार जातो तिथे त्याचा घोडाही जावा लागतो.

घोडा विमानात चढतो कसा?

घोडा विमानाच्या जिन्याने चढत नाही. जमिनीवर एक मोठी पेटी ठेवलेली असते. तिला जेट स्टॉल म्हणतात. हा एक फिरता तबेलाच. टोकियोला वापरलेली पेटी ३.१७ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद होती. सईस घोड्याला उतरत्या फळीवरून पेटीत नेतो, मोरकी बांधतो, समोर गवताची जाळी टांगतो. मग लिफ्टने आख्खी पेटी विमानाच्या दाराशी उचलली जाते आणि आत सरकवली जाते.

इथेही वर्ग असतात. एका पेटीत तीन घोडे म्हणजे इकॉनॉमी. दोन घोडे म्हणजे बिझनेस क्लास. एकटाच घोडा असेल तर फर्स्ट क्लास. ऑलिम्पिकचे घोडे दोघादोघांनी गेले. केबिनचं तापमान १४ ते १७ अंश सेल्सिअस ठेवलं होतं. माणसाला थंडी वाजेल, पण घोड्याला हेच सुखाचं. इतक्या मोठ्या शरीरांची उष्णता केबिन तापवते, म्हणून हवा गारच ठेवावी लागते.

सईस आणि पशुवैद्य घोड्यांसोबतच प्रवास करतात. वैमानिकही विमान शक्यतो हळूहळू वर नेतो आणि हळूहळू उतरवतो. कारण घोडा उभा असतो, त्याला पट्टा बांधून खुर्चीत बसवता येत नाही. प्रत्येक झुकाव त्याला चार पायांवर सावरावा लागतो.

मग गुंगीचं औषध का देत नाहीत? दोन कारणं आहेत. गुंगीत घोड्याचा तोल जातो. शिवाय औषधाचा अंश रक्तात राहिला तर उत्तेजक चाचणीत घोडा बाद होतो. म्हणून औषध हा शेवटचा उपाय असतो.

धोका खरा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कहून लीएजला निघालेल्या मालवाहू विमानात एक घोडा पेटीतून निसटू पाहताना अडकला. विमान अर्ध्यातून परतलं. घोड्याच्या जखमा इतक्या गंभीर होत्या की उतरल्यावर त्याला दयामरण द्यावं लागलं. अशा घटना क्वचित घडतात. पण घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. घाबरला की त्याला पळायचं असतं, आणि विमानात पळायला जागा नसते. शांत सोबती घोडा शेजारी उभा करतात तो याचसाठी.

विमानापेक्षा ट्रक अवघड

ऐकायला विचित्र वाटेल, पण बऱ्याच घोड्यांना विमानापेक्षा रस्ता जास्त थकवतो. विमान एकदा वर गेलं की बराच वेळ स्थिर असतं. ट्रकमध्ये दर वळणाला, दर ब्रेकला स्नायू ताणावे लागतात. आठ तासांचा रस्ता म्हणजे घोड्यासाठी आठ तासांचं कामच.

मुंबई-पुण्यातल्या शर्यतीच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. मुंबईचा हंगाम थंडीत महालक्ष्मीला आणि पुण्याचा पावसाळ्यात, त्यामुळे घोडे दरवर्षी घाट चढतात आणि उतरतात. तिथेही चालकाला सांगणं एकच असतं. सावकाश घे, ब्रेक दाबू नकोस.

प्रवासात घोड्याची तीन दुखणी सगळ्यात जास्त छळतात.

एक, प्रवासी ताप. चरताना घोड्याचं डोकं खाली असतं आणि श्वासनलिकेतला कफ, धूळ आपोआप बाहेर येते. प्रवासात डोकं वर बांधलेलं राहतं. घाण बाहेर पडत नाही, जंतू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. म्हणून दर काही तासांनी थांबून घोड्याला डोकं खाली करू द्यावं लागतं. ताप कधीकधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. म्हणून पोहोचल्यावरही सईस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावत राहतो. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असतं. त्यावर गेलं की पशुवैद्याला बोलावतात.

दोन, पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत येत नाही. त्यामुळे पोट बिघडलं, आतड्यात चारा अडकला तर प्रकरण थेट जिवावर बेतू शकतं. उपाय साधा आहे. धान्य कमी, गवत जास्त आणि पाणी भरपूर.

तीन, पाणी. घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो. पण परक्या गावच्या पाण्याचा वास वेगळा आला की तो तोंड फिरवतो. म्हणून अनुभवी सईस घरचं पाणी बरोबर नेतात, किंवा निघण्याच्या काही दिवस आधीपासूनच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावतात. मग कुठेही गेलं तरी चव तीच.

कागदपत्रं घोड्याचीही

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याकडे पासपोर्ट असतो. त्यात त्याचं वर्णन, अंगातल्या मायक्रोचिपचा क्रमांक आणि लशींची नोंद असते. घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची लस स्पर्धेच्या आधीच्या सहा महिने आणि २१ दिवसांत घेतलेली असावी लागते, पण पोहोचण्याआधीच्या सात दिवसांत घेतलेली चालत नाही. एक तारीख चुकली तर घोडा दारातूनच परत जाऊ शकतो.

टोकियोसाठी घोड्यांवर आधी ६० दिवस आरोग्यविषयक नजर ठेवली गेली. त्यानंतर सात दिवसांचं विलगीकरण झालं. एवढं सगळं का, याचं उत्तर फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मिळालं. तिथल्या जंपिंग स्पर्धेत घोड्यांच्या नागीण गटातल्या ईएचव्ही-१ या विषाणूची साथ पसरली. तो मज्जासंस्थेवर हल्ला करतो, घोड्याला उभंही राहता येत नाही. युरोपात या साथीत १८ घोडे दगावले आणि अनेक देशांमधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. हा विषाणू अनेक घोड्यांच्या शरीरात निपचित पडून असतो आणि ताण आला की जागा होतो. प्रवास हा असाच एक ताण.

चाऱ्यावरही नजर असते. २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये जंपिंगच्या चार घोड्यांच्या चाचणीत कॅप्सेसिन सापडलं. मिरचीला तिखट करणारा हाच तो घटक. तो वेदना कमी करायला वापरतात, तसाच कातडी झोंबरी करायलाही. पायाला झोंबलं की घोडा दांडीला धडकायला घाबरतो आणि उंच उडी मारतो. नॉर्वेच्या संघाला या प्रकरणात कांस्यपदक गमवावं लागलं. तेव्हापासून मलम, खाऊ, खुराक असं सगळं तपासूनच पेटीत भरण्याबाबत संघ जास्त सावध झाले.

नियमांपुढे ऑलिम्पिकही वाकलं

१९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नमध्ये झालं, पण घोडेस्वारी तिथे झालीच नाही. ऑस्ट्रेलियाचे प्राण्यांच्या विलगीकरणाचे नियम इतके कडक होते की परदेशी घोड्यांना महिनोन् महिने वेगळं ठेवावं लागलं असतं. शेवटी घोडेस्वारी जूनमध्ये स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये उरकली गेली. २००८ लाही तसंच झालं. ऑलिम्पिक बीजिंगचं, पण घोडे धावले हाँगकाँगमध्ये.

चीनने पुढे यावर तोडगा काढला. हांगझोऊ एशियाडसाठी तोंगलू इथे घोड्यांसाठी रोगमुक्त क्षेत्र उभारलं. २०२३ मध्ये तिथेच भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं भारताचं हे ४१ वर्षांनंतरचं एशियाड सुवर्ण. अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंह, सुदीप्ती हजेला यांच्यासोबत मुंबईचा हृदय छेडाही त्या संघात होता.

मग भारताचं घोडं पेंड खातं कुठे?

त्या सुवर्णपदकामागचा एक तपशील फारसा कुणी सांगत नाही. हे स्वार युरोपात राहून, तिथल्याच घोड्यांवर तयारी करत होते. टोकियोत भारताकडून उतरलेला फवाद मिर्झाही जर्मनीत सराव करायचा. इव्हेंटिंगमध्ये तो अंतिम जंपिंग फेरीपर्यंत पोहोचला आणि २३ वा आला.

कारण साधं आहे. भारतात राहणारा घोडा बाहेर नेणं फार कठीण. ग्लँडर्स, सरा यांसारखे रोग आपल्याकडे आढळतात. ग्लँडर्स तर माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे अनेक देश भारतीय घोड्यांना सहजासहजी दार उघडत नाहीत. परिणाम असा की ज्याला परदेशात राहणं, तिथे घोडा घेणं आणि सांभाळणं परवडतं, तोच पुढे जातो. पुण्याच्या किंवा मेरठच्या मैदानावर घोडा आणि स्वार कितीही चांगले असले, तरी जोडी म्हणून ते विमानतळाच्या पुढे जात नाहीत.

यात एक महत्त्वाचा बदल जुलै २०२५ मध्ये झाला. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्राला जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने भारतातलं पहिलं घोड्यांचं रोगमुक्त केंद्र म्हणून मान्यता दिली. कडक देखरेख, माशा-डासांचा बंदोबस्त, बाहेरच्या जनावरांपासून पूर्ण तुटलेली व्यवस्था असे त्याचे निकष आहेत. अशा केंद्रात ठेवलेल्या भारतीय घोड्यांना परदेशी स्पर्धेत नेण्याचा मार्ग यातून खुला होऊ शकतो. अर्थात मान्यता मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. ज्या देशात जायचं, त्याने आपल्या अटींवर होकार द्यावा लागतो. शिवाय देशभरातल्या खासगी घोड्यांसाठी एक केंद्र कितपत पुरेल, हा प्रश्न राहतोच.

पोहोचल्यावर काय?

मैदान गाठलं की लगेच उड्या नाहीत. पहिल्या दिवशी घोड्याला फक्त चालवतात. तो पाणी पितोय का, लीद नेहमीसारखी आहे का, गवत संपवतोय का, हे बघतात. मोठ्या स्पर्धांत पशुवैद्य आणि पंचांसमोर घोड्याला दुडक्या चालीने पळवून दाखवावं लागतं. लंगडला तर घरी.

उरतो तो उन्हाळा. घोडा माणसासारखाच घामाने थंड होतो. कडक मेहनतीत तो तासाला दहा लिटरहून जास्त घाम गाळू शकतो आणि त्यातून भरपूर मीठही जातं. म्हणून क्षार पाजणं, बर्फाचं पाणी ओतणं, पाण्याचा फवारा मारणारे पंखे, ही सगळी तयारी मैदानाच्या कडेला असते. टोकियोत जंपिंगच्या स्पर्धा संध्याकाळी ठेवल्या, त्या याच कारणाने.

घोडा प्रवासाला होकार देत नाही आणि बरं वाटत नाही हे बोलूनही दाखवत नाही. ते ओळखायचं काम सईसाचं. पुढच्या वेळी एखादा घोडा दांडीवरून अलगद झेपावताना दिसला, तर बाहेर हातात मोरकी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडेही एक नजर टाका. विमानात रात्रभर तो त्या घोड्याशेजारीच उभा होता.