पट्टीपासून रीलपर्यंत

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळचा भाग नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत गेला आणि त्यातलं बासर आंध्रात गेलं. (२०१६ पासून ते तेलंगणातल्या निर्मल जिल्ह्यात आहे.) पण तिथल्या ज्ञानसरस्वतीच्या देवळात लेकराला मांडीवर घेऊन अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिली अक्षरं गिरवण्याच्या विधीला, बसणाऱ्यांत मराठी माणसं आजही असतातच. या गावच्या लहान दुकानदारानं, लॉजवाल्यानं टीव्हीवर जाहिरात करायची ठरवली, तर ती कुणासाठी, हा प्रश्न म्हणून मुळापासूनच अवघड होता.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला. मुंबईच्या परळमध्ये सुरू झालेल्या पेंढारकरांच्या विको कंपनीनं १९८४ मध्ये ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका प्रायोजित केली आणि एका मराठी घराचा माल देशभर पोचला. पण बासरात पाटी-पेन्सिल, हळद-कुंकू विकणाऱ्याला दूरदर्शनच्या जाहिरातीचा दर झेपणारा नव्हता.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर गावोगावी डिश आल्या आणि केबलवाला हा नवा माणूस उभा राहिला. १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. केबलवाल्याकडे एक चॅनेल स्वतःचं असे. त्यावर सिनेमा लागे आणि पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत राही: साड्यांचा सेल, नवं हॉटेल, दवाखान्याची वेळ. दुकानदार वहीच्या कागदावर मजकूर लिहून द्यायचा, रात्री घरच्यांसोबत बसून आपलं नाव येण्याची वाट बघायचा आणि फोन नंबरात एक आकडा चुकला तर सकाळी केबलवाल्याच्या दारात हजर. थोडे जास्त पैसे मोजणाऱ्यासाठी लग्नाचं शूटिंग करणाराच कॅमेरा घेऊन यायचा: दुकानाची पाटी, कपाटं, गल्ल्यावर हार घातलेला फोटो आणि मागून भारदस्त आवाज.

ही पट्टी चालत होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती बघणारा प्रत्येक जण पायी किंवा सायकलवर दुकानात येऊ शकत होता. धर्माबाद, भैंसा अशा बाजाराच्या गावांना हे अगदी सोयीचं होतं. बासरचं गणित मात्र उलटं. इथलं गिऱ्हाईक गावात राहतच नाही. ते निजामाबादहून, नांदेडहून, हैदराबादहून येतं आणि दर्शन घेऊन परततं. गावच्या केबलवर लॉजची जाहिरात दाखवायची ती कुणाला? ज्यांची घरं गावातच आहेत, त्यांना! २००० मध्ये हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून ई टीव्ही मराठी सुरू झालं, तरी लहान दुकानदाराला वाहिनीवरची जाहिरात परवडणार नव्हतीच.

पुढे सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, सिग्नल मोठ्या कंपन्यांकडून येऊ लागला आणि गावच्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल मागे पडत गेलं. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. माझ्या मते बासरच्या धंद्यासाठी खरा बदल हाच. नांदेडच्या घरात बसलेली आई आता निघण्याआधीच फोनवर देऊळ, घाट, रांग, खोली सगळं बघते. केबलला जे कधीच जमलं नाही, ते दोन मिनिटांच्या व्हिडिओनं केलं.

तेव्हा बासरच्या दुकानदारांना, लॉजवाल्यांना एकच विनंती. व्हिडिओ तेलुगूत करताच, तो मराठीतही करा. खोलीचा दर, स्टेशनपासूनचं अंतर आणि अक्षराभ्यासाला लागणारं सामान त्यात स्पष्ट सांगा.